कच्च्या वाटेवर ई-स्कूटर पुन्हा पुन्हा पाडते: कारण कसं शोधायचं, काय दुरुस्त करायचं

उभ्याने चालवायची ई-स्कूटर डांबरी रस्त्यावर गुमान चालते आणि कच्च्या वाटेला लागली की पाडते, ही तक्रार नेहमीची. तिच्यावरचा सल्लाही नेहमीचाच: हळू चालवा, सवय होईल. हळू चालवल्याने मार कमी बसतो हे खरं, पण पडण्याचं कारण जागच्या जागी राहतं. एकच माणूस त्याच गाडीवरून वारंवार पडत असेल, तर तो बहुधा दर वेळी एकाच तऱ्हेने पडतो. कुणी हँडलवरून पुढे फेकलं जातं. कुणाचं पुढचं चाक निसटून तो आडवा होतो. कुणाचं हँडल थरथरत हातातून सुटतं, तर कुणाची मोटर चढावर मध्येच बंद पडते. आपण यातल्या कुठल्या तऱ्हेने पडतो हे आधी पक्कं करा, कारण एका तऱ्हेचा इलाज दुसरीला लावला की पडणं वाढतं. दगडावर आपटून पुढे जाणाऱ्याने वजन मागे न्यायचं असतं. वळणावर पुढचं चाक निसटत असेल तर वजन पुढे आणायचं असतं.

फार दुखापत नसेल तर उठल्यावर गाडी उचलण्याआधी जमीन पाहा. पुढच्या टायरची लांब ओरखड्यासारखी रेघ दिसली तर ब्रेकने चाक लॉक झालं होतं. रेघ नाही, पण एखादा दगड जागचा हललाय, तर चाक त्यावर अडलं. डेकच्या, म्हणजे उभं राहायच्या फळीच्या, पोटाखाली ताजा ओरखडा असेल तर चाकं पार झाली आणि पोट टेकलं. तुम्ही गाडीच्या सरळ पुढे पडलात की बाजूला, हेही लक्षात ठेवा. दोन-तीनदा अशी नोंद केली की चित्र स्पष्ट होतं.

पुढे फेकलं जाणं

सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट पडणं हेच. याचं मूळ चाकाच्या आकारात आहे. ४ सेंटिमीटर उंचीचा पक्का रुतलेला दगड समोर आला, तर तो चढून जाण्यासाठी चाकाला आडवा जोर लागतो. भूमितीने हिशेब केला तर साडेआठ इंची चाकाला त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे सव्वापट जोर लागतो, १० इंची चाकाला जवळपास भाराइतकाच, आणि २९ इंची सायकलच्या चाकाला भाराच्या निम्मा. टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे उतरतात, पण प्रमाण तेच. सायकलवाला ज्या दगडावरून सहज जातो तिथे स्कूटर अडते ती यामुळे. त्यात स्कूटरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, आखूड आणि चालवणारा सरळ उभा, म्हणून चाक अडलं की शरीर हँडलवरून पुढे.

या हिशेबात एक कामाची गोष्ट दडलेली आहे. लागणारा जोर पुढच्या चाकावरच्या भारावर ठरतो. दगडाशी पोहोचण्याच्या क्षणी तो भार अर्धा केला, तर लागणारा जोरही अर्धा होतो. त्यामुळे खरा इलाज चाक हलकं करण्यात आहे, आणि ते पायांनी करायचं असतं.

पाय डेकवर शेजारी-शेजारी ठेवून उभं राहू नका. एक पाय पुढे, बोटं किंचित बाहेर वळलेली. दुसरा मागच्या तिरप्या फूटरेस्टवर टेकलेला. फूटरेस्ट नसेल आणि वाट खडबडीत असेल तर तो बसवून घेण्यासारखा खर्च दुसरा नाही, कारण त्याशिवाय मागे रेटायला आधारच मिळत नाही. गुडघे आणि कोपरं वाकलेली. दगडाच्या साधारण एक मीटर आधी गुडघ्यांत खाली दबायचं, चाक दगडाशी येताना कंबर मागे-वर न्यायची आणि हँडल हलकं वर ओढायचं. पुढचं चाक पार झालं की लगेच वजन पुढे, म्हणजे मागचं चाक मोकळं होतं. सपाट जागेवर जाड दोरी आडवी टाकून हे आधी घोटवा. १० इंची चाकावर ३ सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा अशा पद्धतीने निघतो. ५ सेंटिमीटरच्या वरचा असेल तर उतरून गाडी हाताने न्यावी.

आता अशी चूक, जी बहुतेकांना चूक वाटतच नाही. दगड दिसला की माणूस घाबरून थ्रॉटल (वेग देणारी कळ) एकदम सोडतो. बऱ्याच गाड्यांमध्ये थ्रॉटल सोडला की मोटर स्वतःच ब्रेक लावू लागते, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग सुरू होतं. गाडी मंदावते, शरीराचं वजन पुढे येतं, आणि जे चाक हलकं हवं होतं तेच नेमक्या क्षणी जड होतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिजनची ताकद कमी-जास्त करता येते. कच्च्या वाटेसाठी ती सगळ्यात कमी ठेवा किंवा बंद करा. सेटिंगचा क्रमांक प्रत्येक डिस्प्लेत वेगळा असतो, त्यामुळे मॅन्युअल उघडूनच बदला. दगडावर जाताना थ्रॉटल स्थिर आणि हलका हवा. वेग कमी करायचा तो आधी करून घ्यायचा.

जमिनीवर लांब रेघ सापडली असेल तर दोष पुढच्या ब्रेकचा. लिव्हर एकाच बोटाने दाबा. तीन-चार बोटं ठेवली तर धक्क्यासरशी लिव्हर पूर्ण ओढला जातो. मागचा ब्रेक आधी, मग पुढचा हळूहळू, आणि दाबताना कंबर मागे-खाली. केबलवाला डिस्क ब्रेक असेल तर लिव्हर एक तृतीयांश दाबेपर्यंत पॅड टेकता कामा नये, नाहीतर तो चालू-बंद स्विचसारखा वागतो. नवे पॅड टाकल्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगावरून हळूहळू जवळपास थांबेपर्यंत ब्रेक लावायचा, असं १५-२० वेळा केलं की पकड एकसारखी होते. त्याआधी उतारावर जाऊ नका.

आणि अंतराचं भान ठेवा. सुट्या खडीवर घसरू न देता थांबायचं, तर ताशी २० च्या वेगाला ब्रेकचं अंतर साधारण ६ मीटर. धोका दिसून बोट दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर त्यात साडेपाच मीटर आणखी गेले. ताशी ३० ला हेच एकूण अंतर २२ मीटरच्या घरात जातं. गवताने झाकलेल्या किंवा वळणावळणाच्या वाटेवर इतकं पुढचं दिसतच नाही.

ब्रेक लावला नव्हता, दगडही नव्हता, तरी पुढचं चाक खट्‌कन थांबलं? मडगार्ड पाहा. टायरला चिकटलेला खडा वर जाऊन मडगार्डखाली अडकतो आणि चाक लॉक होतं. खाचेदार ऑफरोड टायर मूळच्यापेक्षा उंच असतो, त्यामुळे तो बसवल्यावर ही फट हमखास कमी होते. सस्पेन्शन पूर्ण दाबून मोजा: टायर आणि मडगार्ड यांत किमान एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी, चिकट मातीत त्याहून जास्त. मडगार्डचा एखादा स्क्रू गळाला असेल तर तो चाकाकडे वाकतो. हाताने खाली दाबून टायरला टेकतोय का ते बघा.

पुढचं चाक बाजूला निसटणं

इथे पहिला संशय हवेवर. बरेच जण पंक्चरच्या भीतीने टायर दगडासारखा भरतात. असा टायर खड्यांवर पसरत नाही, उड्या मारतो, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड कुठून येणार?

हवा अशी ठरवा. टायर थंड असताना मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी भरा. समजा १० इंची ट्यूबवाल्या टायरला ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) सांगितली आहे. तिथून ५-५ पीएसआय कमी करत तोच खडबडीत पट्टा तशाच वेगाने पार करा. एका टप्प्यावर चाक जमिनीला धरून चालतंय हे हाताला कळतं. त्याच्याही खाली गेलात तर दगडावर रिम आपटल्याचा टक्‌ असा कोरडा आवाज येतो. तो आला की ३-४ पीएसआय परत भरा. सरासरी वजनाच्या माणसाला ३० च्या खाली जाणं सहसा परवडत नाही, कारण मग ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि वळणावर टायर रिमवरून सरकतो. या ट्यूबमध्ये हवा इतकी थोडी मावते, की पंपाचं तोंड काढताना फुस्स होऊन काही पीएसआय निघून जाते. म्हणून पंपावरच्या काट्यावर विसंबू नका. वेगळा छोटा गेज ठेवा.

टायर आणि रिमवर मिळून रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवा. चार फेऱ्यांनी ती रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर फिरतोय. व्हॉल्व्ह तिरका झाला असेल तर ट्यूब ओढली जाते आहे आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटणार आहे. हवा सोडून ट्यूब पुन्हा नीट बसवणं एवढंच त्यावर औषध.

भरीव, बिनहवेचे टायर असतील तर स्पष्ट सांगायला हवं: अशा वाटेसाठी ते नकोतच. पंक्चर होत नाहीत हे खरं, पण खडबडीत जमिनीवर त्यांना पकड नाही आणि सगळा धक्का थेट मनगटात येतो. खाचेदार टायर मऊ मातीत आणि चिखलात उत्तम. ओल्या कातळावर मात्र त्याच्या मोजक्या गाठीच टेकतात, त्यामुळे तिथे तो साध्या टायरपेक्षाही घसरू शकतो. टायर बदलला म्हणजे सगळीकडे पकड वाढली असं धरून चालू नका.

हवा ठीक असूनही वळणावर निसटत असेल तर उभं राहण्याची पद्धत तपासा. पुढे फेकलं जाण्याची धास्ती घेतलेला माणूस सगळा वेळ मागे रेलून उभा राहतो. पुढच्या चाकावर भारच उरत नाही. सपाट वळणावर छाती हँडलच्या जवळ, कोपरं बाहेर. ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा. वळणात पुढचा ब्रेक धरून ठेवला तर सुट्या मातीवर चाक निसटणारच.

दोन मोटर असलेल्या गाडीत आणखी एक भानगड असते. चढावर वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होतं, आणि पुढची मोटर त्याला जागेवरच फिरवते. फिरणारं चाक दिशा धरत नाही. सुट्या खडीच्या चढावर पॉवर मोड सगळ्यात खालचा ठेवा. तरी पुढचं चाक फिरत असेल तर फक्त मागची मोटर चालू ठेवा. वजन पुढे झुकवायचं ते वेगळंच.

चाकोरीत चाक शिरलं की लगेच तिरकं बाहेर काढायचा मोह होतो. उथळ कोनातून चाक काठावर चढत नाही, काठाला घासत सरकतं आणि गाडी पायाखालून जाते. चाकोरीतच राहून वेग कमी करा आणि थांबून बाहेर या. ओल्या मुळ्यांचं तसंच: शक्यतो काटकोनात ओलांडा आणि त्यांच्यावर असताना ना ब्रेक, ना थ्रॉटल.

हँडल थरथरणं

उतारावर वेग वाढला की हँडल डावी-उजवीकडे फडफडू लागतं आणि क्षणात आवाक्याबाहेर जातं. हवा कमी असणं, मागे रेलणं आणि हँडल घट्ट आवळणं यांनी ते बळावतं, पण कच्च्या वाटेवर वापरलेल्या गाडीत मुख्य संशयित म्हणजे स्टेमला (हँडलच्या उभ्या दांड्याला) आलेला प्ले, म्हणजे ढिलेपणा. शोधायचा असा:

१. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढे-मागे हलवा. टक्‌टक्‌ जाणवली तर प्ले आहे.
२. तसंच हलवत दुसऱ्याला घडीच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. दोन भाग एकमेकांवर सरकताना बोटाला कळले तर दोष घडीच्या लॅचमध्ये, म्हणजे घडी पक्की धरणाऱ्या खटक्यात.
३. तिथे काही नसेल तर बोट खाली, हेडसेटच्या (ज्यात हँडलचा दांडा फिरतो त्या सांध्याच्या) बेअरिंगवर. तिथे हालचाल असेल तर बेअरिंग ढिलं.
४. पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर बेअरिंगला खड्डे पडलेत. ते आवळून सुधारत नाही, बदलावंच लागतं.
५. चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा. खेळत असेल तर अॅक्सलचा नट किंवा चाकाचं बेअरिंग.

लॅचला बहुधा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो पाव-पाव फेरा आवळा. लॅच जोर लावून, पण हातानेच बंद व्हायला हवी. हेडसेटला सहसा दोन नट असतात, खालचा बेअरिंगचा आणि वरचा लॉकचा. वरचा सोडून खालचा प्ले जाईपर्यंतच आवळायचा, मग खालचा पान्याने धरून वरचा घट्ट करायचा. चाक उचलून सोडल्यावर हँडल आपल्या वजनाने बाजूला वळलं पाहिजे. अडून बसलं तर जास्त आवळलं गेलंय आणि त्यानेही तोल जातो.

बोल्टची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण धक्क्यांनी ते ढिले होतातच. मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला नसेल तर एम५ बोल्टला ५-६ न्यूटन-मीटर आणि एम६ ला ९-१० हा साधारण अंदाज. आटे अॅल्युमिनियममध्ये असतील तर कमीच्या बाजूला राहा. बोल्ट काढून, आटे पुसून कोरडे करून मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा. मग बोल्ट आणि धातू यांवर मार्करने सरळ रेघ ओढा. दर फेरीआधी नुसत्या रेघा पाहिल्या की कुठला बोल्ट फिरलाय ते दहा सेकंदांत कळतं. हब मोटरच्या (चाकाच्या मधोमध बसवलेल्या मोटरच्या) अॅक्सलचे नट तर कधीच चुकवू नका. तो नट ढिला झाला की अॅक्सल आपल्या खाचेत फिरतो, केबल पिळून तुटते आणि चाक अडकू शकतं.

प्ले सगळा काढूनही ताशी ३० च्या वर थरथर राहत असेल तर हँडलची फडफड दाबणारा स्टीअरिंग डॅम्पर बसवावा. प्ले असताना डॅम्पर लावू नये; तो लक्षण झाकतो आणि सांधा आतून झिजत राहतो. चालू गाडीत थरथर सुरू झालीच तर गुडघे वाकवून वजन पुढे आणा, पकड सैल करा पण हँडल सोडू नका, थ्रॉटल हळूहळू कमी करा आणि फक्त मागचा ब्रेक हलका लावा.

चढावर मोटर बंद पडणं

ढकलणारा जोर अचानक गेला की पुढे झुकलेलं शरीर हँडलवर येतं. ५२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५८.८ व्होल्ट दाखवते आणि ४०-४२ च्या आसपास संरक्षण यंत्रणा वीज तोडते. अर्ध्याहून कमी चार्जवर खडा चढ घेतला की भाराखाली व्होल्टेज खाली बसतं; डिस्प्लेवर ४९ दिसत असलेली बॅटरी दोन सेकंदांत ४२ ला टेकू शकते. डिस्प्ले टक्क्यांऐवजी व्होल्टवर लावा आणि चढताना आकडा किती पडतो ते पाहा. मोठे चढ फेरीच्या सुरुवातीला घ्या. याउलट पूर्ण भरलेल्या बॅटरीवर लगेच लांब उतार घेऊ नका: तिला परत आलेली वीज घ्यायला जागा नसते आणि इलेक्ट्रिक ब्रेक कमकुवत पडतो.

बॅटरी भरलेली असूनही मोटर फक्त धक्क्यांवर बंद पडत असेल तर ब्रेक लिव्हरमधला कट-ऑफ (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा) स्विच बघा. लिव्हर पडून वाकला असेल किंवा स्विचमध्ये माती गेली असेल तर प्रत्येक आदळण्याला ब्रेक दाबल्याचा संदेश जातो आणि मोटर बंद होते. चाक उचलून, हलका थ्रॉटल देऊन लिव्हर बोटाने हलवून पाहिलं की लगेच उघड होतं. त्यानंतर डेकमधले कनेक्टर.

मागच्या मागे पडणं क्वचित, पण कारण जवळपास ठरलेलं: खड्ड्यात शरीर मागे गेलं, अंगठा थ्रॉटलवर आणखी दाबला गेला, गाडी पुढे सुटली. स्टार्टची ताकद कमी करा, थ्रॉटल फिरवून अंगठ्याला सैल बसेल असा लावा, आणि खाचखळग्यांच्या पट्ट्यात अंगठा काढून ग्रिपखाली घ्या. पाय घसरत असेल तर डेकवरची ग्रिप टेप बदला. माती भरलेली टेप ब्रशने घासून बरीच परत येते.

स्प्रिंगचंही एकदा माप घ्या. शॉकच्या दांड्याला झिप टाय लावा, नेहमीच्या सामानासह सावकाश चढून उभे राहा, सावकाश उतरा. टाय एकूण हालचालीच्या २० ते २५ टक्के सरकायला हवा, म्हणजे ६० मिलिमीटरच्या शॉकला १२ ते १५. त्याहून कमी असेल तर गाडी दगडावरून उसळते. जास्त असेल तर खड्ड्यात पोट टेकतं.

तरीही पडलात तर

कच्च्या वाटेवर फुलफेस हेल्मेट, मनगट, कोपर आणि गुडघ्याचे गार्ड. मनगटाचा गार्ड घालून ब्रेकला बोट पोहोचतं का, ते उभ्या गाडीवर तपासा. पोहोचत नसेल तर लिव्हरचा रीच स्क्रू (लिव्हर हँडलच्या जवळ आणणारा) आत घ्या. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये, तडा दिसो न दिसो.

डोकं दुखणं वाढत असेल, उलटी झाली, गोंधळल्यासारखं वाटलं तर थेट दवाखाना. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोलगट भागात दाबल्यावर दुखत असेल तर तेही अंगावर काढू नका. तिथल्या स्कॅफॉइड हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत न दिसणं नेहमीचं आहे, म्हणून दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे पुन्हा जायला हवं.

गाडीचं बघताना आधी डेकचं पोट, कारण बॅटरी तिथेच असते. खोल पोचा, फुगवटा, गोडसर रसायनाचा वास किंवा ऊब जाणवली तर गाडी चालू करू नका, चार्जिंगला लावू नका आणि घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. पोट ठीक असेल तर चाक फिरवून डिस्क घासते का, लिव्हर वाकलाय का, लॅच पूर्ण बसते का ते पाहा. वाकलेला अॅल्युमिनियमचा लिव्हर पुन्हा सरळ करू नका. सरळ केलेल्या जागीच तो पुढच्या जोराच्या ब्रेकला मोडतो.